आईला चेहरा मिळतो तेव्हा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ‘श्यामची आई’चा विषय निघाला की चित्रपटात आई झालेल्या वनमालाबाई आल्याच. इथल्या पवार घराण्यातल्या, म्हणून जरा कौतुकानं. अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि पालगडच्या त्या ओढगस्तीच्या घरातल्या बाईला चेहरा मिळाला तो मिळालाच. बारा वर्षांपूर्वी ‘सिकंदर’मध्ये हाच चेहरा रुखसानाचा होता, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही!

पुस्तकातल्या आईला मात्र चेहऱ्यापेक्षा आवाज आहे, आणि तोही श्यामचा. साने गुरुजींनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत हे लिहिलं, तेव्हा आई जाऊन पंधरा वर्षं उलटली होती. मोठा झालेला श्याम ४२ रात्री मित्रांना सांगतोय. मध्येच थांबतो, उपदेशाकडे वळतो, गहिवरतो. दोन-अडीच तासांच्या पटकथेत कात्री आधी इथेच लागते. प्रसंग राहतात, आठवणारा माणूस पुसट होतो.

बारावी रात्र घ्या, श्यामच्या पोहण्याची. वाचताना शिंपटीचा मार आणि आईची समजूत आपल्यापर्यंत एकदमच पोचतात, कारण सांगणाऱ्याला त्या माराचं कारण केव्हाच उमगलेलं आहे. कॅमेऱ्याला ही सोय नाही. त्याला आधी मार दाखवावा लागतो, माया नंतर. तेवढ्या वेळात प्रेक्षकाच्या मनात ‘कडक आई’ बसते. अठराव्या रात्रीची अळणी भाजी याहून अवघड. वडील मुकाट्यानं, उलट वाखाणून जेवतात. तो प्रसंग निम्मा त्यांचा आहे. पण पडद्यावर आईनं पहिला घास घेतला की नजर तिच्यावरच खिळणार. वडील हरवले, आणि आई एकटीच सोशिक ठरली. लोक ‘सोसणारी माउली’ म्हणतात ती बरीचशी अशी घडलेली आहे. पुस्तकातली बाई चांगली ठसक्याची आहे.

२०२३च्या कृष्णधवल चित्रपटात साने गुरुजीच पात्र म्हणून येतात. सांगणारा परत आला, ही त्यातली जमेची बाजू.

घरी मुलांना दाखवायचा असेल तर आधी या दोन रात्री मोठ्यानं वाचाव्यात, तेही मधला उपदेश न गाळता. मुलं तिथे चुळबुळ करतात, करू द्यावी. मग चित्रपट लावावा, १९५३चाच आधी.