चार माणसं, आठ तिकिटं

वुस्टरच्या पोलर पार्क या बेसबॉल मैदानावर जाणार असाल तर तिकीट संघाच्या स्वतःच्या साइटवरून काढा, नाहीतर सरळ मैदानाच्या खिडकीवर घ्या. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल. पुढचं मी मनातलं बाहेर काढायला लिहितेय.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूसबरीला राहतो. क्विन्सिगमंड तळ्यावरचा पूल ओलांडला की वुस्टर. बोस्टन रेड सॉक्सचा ट्रिपल ए संघ, म्हणजे मुख्य संघाच्या एकच पायरी खालचा, जवळजवळ पन्नास वर्षं ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला होता. तो इथे येणार हे २०१८ मध्ये जाहीर झालं. पॉटकेटचा शेवटचा, २०२० चा मोसम कोविडने खाल्ला. इथल्या मैदानावर पहिला सामना झाला तो ११ मे २०२१ ला, तोही अर्धंअधिक मैदान रिकामं ठेवून. संघाचं नाव वूसॉक्स. वायमन-गॉर्डनचा जुना कारखाना होता त्या जागेवर मैदान उभं राहिलं आणि खर्च १५ कोटी डॉलरच्या वर गेला. आमच्या ऑफिसात पॉटकेटकडचा एक जण आहे, तो अजून ‘वूसॉक्स’ हा शब्द तोंडातून काढत नाही. ‘तुमचा तो संघ’ म्हणतो. त्याचं लहानपण ज्या मैदानावर गेलं ते मॅकॉय स्टेडियम २०२५ मध्ये पाडलं. मीही मग त्याच्यासमोर विषय काढत नाही.

इतकं जवळ मैदान, पण तीन वर्षं आम्ही नुसते बाहेरून जात होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात सासरे सांगलीहून आले तेव्हा मुहूर्त लागला. पाटी वाचून बाबा ‘वॉर्सेस्टर’ म्हणाले. मी ‘वुस्टर’ म्हटल्यावर एकदम सावरून बसले. ‘अगं, म्हणजे इंग्लंडातल्या वुस्टरचं नाव! ब्रॅडमननं तिथं लागोपाठ तीन दौऱ्यांत द्विशतकं ठोकलीत. तीस, चौतीस, अडतीस.’ बाबांनी गावच्या क्रिकेट स्पर्धांत वर्षानुवर्षं स्कोअर लिहिलाय. ‘इथलं बेसबॉल दाखव की मग,’ म्हणाले.

बुधवारी रात्री मी फोनवर शोधलं. सगळ्यात वर जी साइट आली ती उघडली. मैदानाचा फोटो, संघाचे रंग, खुर्च्यांचा नकाशा, सगळं अस्सल दिसत होतं. ती संघाची नव्हती, तिकिटं पुन्हा विकणाऱ्या कुणा तिसऱ्याचीच होती. नाव घेत नाही. शनिवारच्या सामन्याची तिसऱ्या बेसमागची (बेस म्हणजे बॅटरने धावत गाठायचा टप्पा) चार तिकिटं निवडली. शेवटच्या पानावर सेवाशुल्क, मग आणखी कसलंसं शुल्क असं करत आकडा १४८ डॉलरवर गेला. तरी भरले. चूक नंबर एक माझी.

चूक नंबर दोनही माझीच, ती लपवत नाही. ईमेलच्या चौकोनात फोनने आपणहून पत्ता भरला आणि मी न बघता पुढे गेले. तो माझ्या जुन्या ऑफिसचा पत्ता होता. ती नोकरी सोडून दीड वर्ष झालेलं.

गुरुवारी काही आलं नाही. शुक्रवारीही नाही. संध्याकाळी साइटवर जाऊन बघते तर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, ‘तिकिटं पोहोचली’. कुठे? तर मला उघडता न येणाऱ्या त्या पेटीत. हल्ली कागदी तिकीट नसतंच. विकणारा आपल्या खात्यातून ट्रान्सफर करतो, ज्या पत्त्यावर लिंक जाते त्या पत्त्याच्या माणसानेच ती स्वीकारायची, मग फोनमध्ये बारकोड दिसतो.

चॅटवर आधी यंत्र होतं. मी काहीही लिहिलं तरी ते ‘तुमची तिकिटं पोहोचली आहेत, सामन्याचा आनंद घ्या!’ म्हणायचं. चौथ्यांदा आनंद घेऊन झाल्यावर फोन लावला. ४८ मिनिटं तीच धून. मग एक बाई आल्या, गोड बोलणाऱ्या. ईमेल बदलता येईल का? नाही, ट्रान्सफर झालीय. मग परत घ्या. ते आम्हाला करता येत नाही, विकणाऱ्याने करायचं. विकणाऱ्याचा नंबर द्या. तो देता येत नाही. मग तुम्ही सांगा त्याला. हो, निरोप पाठवतो, २४ ते ४८ तासांत उत्तर येतं. बाई, सामना २० तासांवर आलाय! ‘तुमची अडचण मी समजू शकते.’ हे वाक्य त्यांनी सहा वेळा म्हटलं. शेवटी एक केस नंबर दिला. तो मला आजही पाठ आहे, स्वतःच्या पासपोर्टचा नाहीये.

जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीलाही फोन केला. ती बिचारी आयटीवाल्यांशी बोलली. त्यांनी सांगितलं, सोडून गेलेल्यांची पेटी उघडत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. पण त्या रात्री मला कुणाचंच बरोबर वाटत नव्हतं.

शनिवारी लेक सकाळपासून टोपी घालून बसलेली. तिला स्मायली बॉल हा शुभंकर बघायचा होता. (तो पिवळा हसरा चेहरा १९६३ मध्ये वुस्टरच्याच हार्वी बॉलने एका विमा कंपनीसाठी काढला. ४५ डॉलर मिळाले, हक्क त्याने कधी नोंदवले नाहीत.) दर पाच मिनिटांनी मी मेल बघत होते. नवरा म्हणाला, ‘चल तर खरं. नाहीच मिळालं तर बाहेरून फटाके बघू.’ दुपारी कसले फटाके! पण निघालो.

हो, गाडीचं सांगायचं राहिलं. मैदानाला लागूनच केली स्क्वेअर आहे, पूर्वी सात रस्ते बिनसिग्नलचे एकमेकांवर येऊन आदळायचे तिथे. आता शेंगदाण्याच्या आकाराचा वळसा केलाय, तरी सामन्याच्या दिवशी लांबच लावा आणि चाला. बोस्टनकडून येणाऱ्यांनी लोकल धरून युनियन स्टेशनला उतरावं, तिथून पायी जाता येतं. आणि मोठी बॅग नको. आम्ही चिवडा गाडीतच संपवला.

तिकीटखिडकीवरच्या काकांना मी सगळी कहाणी सांगितली, बहुधा जरा जास्तच. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, बाहेर विकलेलं तिकीट तुमच्या नावावर आलेलंच नाही, तर मला ते दिसणार कसं? पण गवतावरची आहेत, देऊ? पूर्ण व्यवहाराला दोन मिनिटं लागली. चौघांचे मिळून १४८ च्या निम्म्याहूनही कमी. मला हसावं की रडावं कळेना.

आत गेल्यावर मात्र राग उतरत गेला. गवताचा उतार, पोरं लोळतायत, शेजारी एक आजोबा हातमोजा घालून चेंडू आपल्याकडे येण्याची वाट बघतायत. बाबा मांडीवर वही उघडून बसले. अर्धा तास त्यांचं एकच, ‘एवढा जोरात मारला तरी रन नाही?’ मग एका बॅटरने हेल्मेटवर टपली मारली, म्हणजे अंपायरच्या निर्णयाला आव्हान दिलं, आणि मोठ्या पडद्यावर चेंडूचा मार्ग आला. ‘हा तर डीआरएस!’ ट्रिपल ए मध्ये तेव्हा ही सोय होती, वरच्या लीगमध्ये नंतर आली. ‘अंपायर्स कॉल?’ नाही बाबा, बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीला चेंडू चाटला तरी स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या विरोधात. ‘हे बरंय,’ म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बेसबॉलच्या स्कोअरकार्डाचा जनक मानला जाणारा हेन्री चॅडविकसुद्धा आधी क्रिकेटच्याच बातम्या लिहायचा, हे मी सांगितल्यावर तर त्यांना खेळ आपलाच वाटायला लागला.

वुस्टरला हा खेळ नवा नाही, परत आलेला आहे. १८८० ते ८२ इथे नॅशनल लीगचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवरचा संघ होता. १२ जून १८८० ला त्यांच्या ली रिचमंडने क्लीव्हलंडचे २७ च्या २७ बॅटर बाद केले, एकालाही बेसवर पोहोचू दिलं नाही. मोठ्या लीगमधला तो पहिला परफेक्ट गेम. अलीकडे २००५ ते १२ टॉर्नेडोज नावाचा स्वतंत्र, म्हणजे कुठल्या मोठ्या संघाशी न जोडलेला संघही खेळला. बाबांनी रिचमंडचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं.

शाकाहारी माणसाचे फार हाल नाहीत. फ्राइज, पॉपकॉर्न, शेंगा. पोलरचा सोडाही इथल्याच गावचा, मैदानाला नाव त्याच कंपनीचं. सोमवारी सहसा सामने नसतात, बहुतेक वेळा एकच पाहुणा संघ मंगळवार ते रविवार सहा सामने खेळतो, त्यामुळे शनिवारचं जमलं नाही तर रविवार आहेच. हे मला आधी माहीत असतं तर मी त्या बाईंवर इतकी ओरडले नसते.

तिसरी इनिंग चालू असताना फोन वाजला. विकणाऱ्याने ट्रान्सफर मागे घेऊन माझ्या खऱ्या पत्त्यावर पाठवली होती. तिसऱ्या बेसमागच्या चार खुर्च्या, बारकोडसकट. पैसे परत मागितले तेव्हा तीन आठवड्यांनी उत्तर आलं, तिकिटं सामना संपायच्या आत पोहोचली होती, त्यामुळे परतावा देता येत नाही. सामना संपायच्या आत!

मैदानात फोन वाजला तेव्हा मात्र मी उठून उभी राहिले. ‘चला, चांगल्या जागा मिळाल्या.’ लेक तयार, नवरा तयार. बाबांनी वहीतून मान वर केली नाही. वूसॉक्सचे दोघं बेसवर होते.

‘खाली बस गं,’ म्हणाले. ‘भागीदारी चालू असताना कुणी जागा बदलतं का?’