काम झालं, पण ते केलं कुणी?

अबोल माणसाच्या ऑफिसच्या मेलमध्ये एक सवय हमखास आढळते. ‘रिपोर्ट तयार झाला आहे.’ ‘चूक दुरुस्त करण्यात आली आहे.’ ‘आकडे तपासून पाठवले आहेत.’ काम दिसतं, करणारा दिसत नाही. मराठीत कर्ता गाळूनही वाक्य सहज पुरं होतं, आणि भिडस्त माणसाला ही सोय फार आवडते, कारण ‘मी’ लिहिण्याचा संकोच टळतो. सहा महिन्यांनी तेच मेल उघडले तर त्यांतून कोणाचंच नाव हाती लागत नाही.

बढती कोणाला, पगारवाढ किती, नवा प्रोजेक्ट कोणाकडे, हे बहुतेक वेळा तुम्ही नसलेल्या खोलीत ठरतं. तिथे तुमच्या मॅनेजरना तुमच्याबद्दल एखाद-दोन वाक्यं बोलण्याइतकाच वेळ मिळतो. ती वाक्यं आधीपासून मनात नसतील तर ते म्हणतील, ‘मेहनती आहे, शांत आहे, तक्रार नाही.’ मत चांगलं आहे, पण एवढ्यावर बढती मिळत नाही. ‘महिनाअखेरचा हिशेब जुळवायला दोन दिवस लागायचे, तिने ते काम तीन तासांवर आणलं’ हे वाक्य मात्र तिथे टिकतं. शांत माणसाने आपली सगळी शक्ती असं वाक्य मॅनेजरच्या हाती देण्यात घालावी, असं मला ठामपणे वाटतं. मोठ्याने बोलायला शिकण्यात ती खर्च करू नये.

मॅनेजरना तुमचं काम लक्षात राहत नाही यात दरवेळी दुजाभाव नसतो. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली नवरा-बायकोंना घरच्या कामांतला आपापला वाटा विचारला होता. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. आपण केलेलं आपल्याला चटकन आठवतं, दुसऱ्याने केलेलं आठवत नाही. एका घरात राहणाऱ्या दोघांची ही कथा, तर आठ-दहा जणांची टीम सांभाळणाऱ्याकडून तुमचं मार्चमधलं काम आठवण्याची अपेक्षा कशी धरायची?

म्हणून सुरुवात नोंदीपासून. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी १५ मिनिटं काढा आणि प्रत्येक महत्त्वाच्या कामापुढे तीन गोष्टी लिहा: मी काय केलं, त्याने काय बदललं, कोणाला उपयोग झाला. ‘काय बदललं’ हा रकाना सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत मोलाचा. तिथे आधीचा आणि नंतरचा आकडा हवा. म्हणजे काम सुरू करण्यापूर्वीच आधीचा आकडा टिपून ठेवायला हवा. नेमकं हेच राहून जातं आणि मग ‘बराच वेळ वाचला’ असं मोघम लिहावं लागतं. आकडा नसेलच तर किती जण आता ते वापरतात, कोणती तक्रार येणं बंद झालं, हे लिहा.

शांत माणसांकडे एक जास्तीचं काम असतं, ते म्हणजे बिघडण्याआधीच सावरणं. काही बिघडलंच नाही, तर दिसणार काय? अशा वेळी काय घडू शकलं असतं, ते कधी लक्षात आलं आणि मी काय केलं, एवढं त्याच दिवशी दोन ओळींत मॅनेजरना कळवा. आठवड्यानंतर सांगितलं तर ते बढाई मारल्यासारखं वाटतं. त्या दिवशी ती निव्वळ माहिती असते.

नोंदीतून आठवड्याचा मेल तयार होतो. पाच-सहा ओळी पुरेत:

‘या आठवड्यात: ग्राहकांच्या तक्रारींची यादी मी नव्याने लावली, उत्तराला लागणारा वेळ दोन दिवसांवरून एका दिवसावर आला.
पुढच्या आठवड्यात: हीच पद्धत परताव्याच्या अर्जांना लावते.
अडलंय: जुन्या फाइल्सची परवानगी. बुधवारपर्यंत मिळाली तर शुक्रवारी काम पूर्ण होईल.’

असे मेल फसतात ते बहुधा तीन कारणांनी. कामांऐवजी हालचालींची जंत्री होते (‘चार मीटिंगना हजर होते’). सुरुवातच ‘तुमचा वेळ घेतेय, माफ करा’ अशी होते. किंवा उत्तर येत नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात बंद पडतात. उत्तर येणार नाहीच, मॅनेजर ते वाचतात आणि पुढे सरकतात. वरून कोणी विचारलं की त्याच ओळी उचलून पुढे पाठवतात. तसं सोयीचं व्हावं म्हणून ओळी तुटक पण स्वयंपूर्ण लिहा.

आता मीटिंग. तिथे गप्प राहण्यामागे दरवेळी बुजरेपणा नसतो. एका वेळी एकालाच बोलता येतं. बाकीचे पाळीची वाट पाहतात, तोवर मुद्दा निसटतो किंवा विषय पुढे गेलेला असतो. डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली प्रयोग करून दाखवलं की एकत्र बसून बोलत कल्पना मांडणाऱ्या गटाला, तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने विचार करून मांडल्या असत्या त्यापेक्षा कमी कल्पना सुचतात, आणि त्याचं मोठं कारण हे थांबणंच आहे. तेव्हा दोष स्वतःत शोधू नका, तयारी बदला. आदल्या दिवशी अजेंडा मागून घ्या. दोन मुद्दे कागदावर पूर्ण वाक्यांत लिहा. त्यातला एक पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाका, मग तो साधा प्रश्न का असेना: ‘हे ठरवण्याआधी मागच्या तिमाहीचे आकडे पाहिलेत का?’ जितका उशीर होतो तितकं ‘आता बोलायचं तर काहीतरी भारी बोलायला हवं’ हे ओझं वाढत जातं.

कोणी मध्येच तोडलं तर आवाज न चढवता ‘माझं एक वाक्य राहिलंय, ते पुरं करते’ म्हणा आणि खरंच एकाच वाक्यात संपवा. मुद्दा मीटिंग संपल्यावर सुचला, तर तोही वाया जात नाही. दोन-तीन तासांत सगळ्यांना मेल करा: काय ठरलं, कोण काय करणार, आणि शेवटी ‘यात मला एक धोका दिसतो तो असा’. बोललेलं विसरतं, हा मेल मात्र पुढच्या मीटिंगमध्ये पुन्हा उघडला जातो. इथे एक सावधगिरी बाळगा. दरवेळी तुम्हीच टिपणं काढत राहिलात तर तुम्ही त्या खोलीतले कारकून ठरता. महिन्याभराने ती पाळी दुसऱ्याकडे द्या.

तुमची कल्पना दुसऱ्याने आपली म्हणून मांडली, तर खोलीबाहेर कुढण्यात अर्थ नाही. तिथल्या तिथे म्हणा, ‘मंगळवारच्या मेलमध्ये मी हाच पर्याय सुचवला होता, त्याची पुढची पायरी सांगते.’ आरोप नाही, तारीख आहे, आणि पुढची पायरी फक्त तुम्हालाच माहीत असल्यामुळे सूत्रं तुमच्याकडे परत येतात. मेल आधी पाठवलेला असेल तरच हे जमतं.

मॅनेजरशी एकट्याने बोलायला मिळणारा अर्धा तास कामाच्या प्रगतीत घालवू नका, ती मेलमध्ये आहेच. तिथे विचारा: ‘आपल्या टीमबद्दल तुम्हाला वरून काय विचारलं जातं?’ उत्तरात जे येईल त्याच्याशी तुमचं कोणतं काम जोडलेलं आहे, ते पुढच्या मेलच्या पहिल्या ओळीत यायला हवं. आणि हेही सांगून टाका की आधी वाचायला मिळालं तर मी जास्त नेमकं बोलते. सांगितलं नाही तर तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ लोक आपापल्या मनाने लावतात, आणि ‘रस नाही’ हा अर्थ सगळ्यांत आधी लागतो.

टीमबाहेरची दोन-तीन माणसं तुमचं काम ओळखणारी हवीत. त्यासाठी गप्पांच्या घोळक्यात उभं राहायची सक्ती नाही. एखादा विषय असा धरा की त्यात अडलं की तुमचं नाव निघेल, त्यावर दोन पानांचं टिपण लिहा आणि ज्यांना तो प्रश्न पडतो त्यांना थेट पाठवा.

अप्रेझलच्या फॉर्मची वाट मात्र पाहू नका. फॉर्म येतो तोवर अनेक ठिकाणी मॅनेजरची यादी ठरत आलेली असते. तीन-चार आठवडे आधी नोंदीतली चार-पाच कामं निवडा, प्रत्येकी एक वाक्य लिहा आणि पाठवा. सगळ्यांत मोठं काम सगळ्यांत वर ठेवा. घाईत वाचणारा दुसऱ्या ओळीपर्यंत पोचेलच असं नाही.