तुम्ही विचारलंत म्हणून: रुक्मिणी नक्की काय करते?

‘सौभद्र’चा प्रयोग सुटला, की मांडवाबाहेर चहाच्या कपाबरोबर हा प्रश्न हमखास येतो. सगळे कृष्णाच्या तानांबद्दल बोलतायत, सुभद्रेच्या गळ्याबद्दल बोलतायत, आणि तुम्ही त्या रुक्मिणीचं काय एवढं घेऊन बसलात? ती तर मंचकावर नुसती बसून असते!

बसून असते, मान्य. त्यातलं ‘नुसती’ तेवढं काढून टाका.

आधी थोडी उजळणी. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आलं. मूळ संहितेत शंभरावर पदं. आज एवढी कुणी गात नाही, कात्री लावूनच प्रयोग होतो. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, तिचं मन अर्जुनावर आहे आणि कृष्ण पडद्यामागून दोऱ्या हलवतोय. लोक गुणगुणत घरी जातात ती पदं कृष्णाची, नारदाची, सुभद्रेची. रुक्मिणीच्या महालातला प्रवेश लक्षात राहतो तोही कृष्णाच्याच दोन पदांमुळे: ‘नच सुंदरि करूं कोपा’ आणि ‘प्रिये पहा’. पण ही दोन्ही पदं कृष्ण कुणाला तरी उद्देशून गातो. समोरचं माणूस खोटं पडलं, तर गाणं मैफिलीचं होतं, नाटकाचं राहत नाही.

पहिलंच पद घ्या. ‘नच सुंदरि करूं कोपा, मजवरि धरि अनुकंपा, रागाने तव तनु ही पावत कशि कंपा.’ रागाने तुझं अंग कसं थरथरतंय, असं कृष्ण म्हणतो. म्हणजे त्याला ते दिसतंय. समोर रुक्मिणी पाटावर बसवलेल्या गौरीसारखी स्वस्थ असेल, तर ही ओळ धडधडीत खोटी ठरते, आणि बहुतेक प्रयोगांत ती तशीच ठरते. काही जणी ‘कंपा’ हा शब्द ऐकला की थरथरायला लागतात. ते त्याहून वाईट, कारण मग नवऱ्याने हुकूम सोडला आणि बायकोने पाळला असं दिसतं. थरथर शब्दाच्या आधी हवी. ‘रागाने’ उच्चारला जाण्यापूर्वी एक-दोन मात्रा ती सुरू झालेली असली पाहिजे, म्हणजे कृष्णाने पाहिली आणि मग बोलून दाखवली, असा क्रम लागतो.

थरथर दाखवायची कशाने? बोटांनी नाही, दहाव्या रांगेतून बोटं दिसत नाहीत. सगळं अंग हलवलं तर हिवताप वाटतो. जाणत्या नट्या पदराचं टोक गुडघ्यावर मुठीत घट्ट धरतात आणि मूठ किंचित आवळतात-सोडतात. मूठ दिसत नाही, पण शालूचा जरीकाठ प्रकाशात लकाकतो आणि ती हालचाल शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचते.

आता खरी मेख पुढे आहे. ही ओळ गायक एकदाच म्हणत नाही. तीनदा म्हणेल, चारदा म्हणेल, मध्ये त्याच शब्दांवर ताना घेईल. दर वेळी तोच काठ तसाच हलला तर ते यंत्र झालं. पहिल्या वेळी थरथर खरी. दुसऱ्या वेळी ती दाबण्याचा प्रयत्न, कारण आपला राग कुणी बोलून दाखवला की माणूस तो लपवायलाच बघतं. तिसऱ्या वेळी हात पदराखाली. चौथ्याला मान फिरवायची. ओळ एक आणि रुक्मिण्या चार, आणि या चारही वेळा तोंडातून चकार शब्द नाही.

पुढची ओळ, ‘नारी मज बहु असती, परि प्रीती तुजवरती’. पहिल्या अर्ध्यावर प्रेक्षक हसतो, ठरलेलं आहे. त्या हशात रुक्मिणी सामील झाली की प्रवेश गेला. तिने ‘असती’वरच झटकन बघायला हवं, ‘परि’ येईपर्यंत थांबायचं नाही. पण ‘प्रीती तुजवरती’वर विरघळायचंही नाही. इथेच चूक होते आणि ती पुढे सावरता येत नाही. कडवी अजून शिल्लक आहेत. बायकोचा राग इथेच उतरला, तर उरलेलं पद कृष्णाने कुणासाठी गायचं? रागाचा खर्च मिनिटाच्या हिशेबाने करावा लागतो. पद सात-आठ मिनिटांचं धरलं, तर पाचव्या मिनिटापर्यंत निम्मा राग हातात राखलेला हवा. पुढे कृष्ण स्वतःच शिक्षा सुचवतो, ‘करपाशी या तनुला बांधुनि करि शिक्षेला’, तेव्हा पहिलं हसू. तेही त्याच्याकडे पाठ करून, प्रेक्षकांना दिसेल आणि त्याला दिसणार नाही असं.

आणि हे सगळं जमवल्यावर कुणीतरी ओरडतो, ‘वन्स मोअर!’

कृष्णाला आनंद होतो, रुक्मिणीच्या पोटात गोळा येतो. तिचा राग तर उतरला! आता तोच अंतरा पुन्हा. काही जणी पहिल्यासारख्या फणकारतात, म्हणजे मधली पाच मिनिटं झालीच नाहीत असा प्रकार. काही जणी हसत बसून राहतात. यावर जुना तोडगा आहे तो लटक्या रागाचा. दुसऱ्या फेरीत राग खोटा आहे हे रुक्मिणीला, कृष्णाला आणि प्रेक्षकांना, तिघांनाही माहीत असतं, आणि ती तो चवीने करते. मग वन्स मोअर नाटकाच्या आड येत नाही, उलट प्रवेशाला एक पायरी मिळते.

‘प्रिये पहा’चं काम अगदी वेगळं. इथे रागावायचं नाही, बघायचं आहे. पदाची सुरुवातच ‘पहा’ने होते. ‘रात्रीचा समय सरुनि येत उषःकाल हा. थंडगार वात सुटत, दीपतेज मंद होत.’ प्रत्येक तुकड्यात एकेक गोष्ट दाखवली आहे: वारा, दिवा, अरुण, पक्षी, भुंगे, कमळं. यातली एकही रंगमंचावर नसते, फार तर समई. त्या गोष्टी प्रेक्षकाला दिसतात त्या रुक्मिणीच्या डोळ्यांतून. म्हणून पूर्व कुठल्या विंगेत आहे हे प्रकाशवाल्याला, कृष्णाला आणि रुक्मिणीला तिघांना आधी ठाऊक हवं. कृष्ण डावीकडे हात करतोय, तांबूस प्रकाश उजवीकडून येतोय आणि बाईसाहेब समोर तिसऱ्या रांगेकडे बघतायत, असे उषःकाल पुष्कळ होतात.

समईचं म्हणाल, तर आपल्या किनाऱ्यावरच्या देवळांतल्या उत्सवात हा प्रश्न खराच पडतो. तीन बाजूंनी उघडा झापांचा मांडव, वरून खारं वारं. ‘दीपतेज मंद होत’ येईपर्यंत ज्योत केव्हाच विझलेली असते आणि मागच्या बाकावरचा कुणी तरी ते मोठ्याने सांगतो. समई विंगेच्या आडोशाला ठेवावी, वात जाड घालावी. तरीही विझलीच, तर रुक्मिणीने त्या तुकड्याला समईकडे बघायचंच नाही, नजर वर झुंबराकडे न्यायची, असलं नसलं तरी. पूर्वी पालखी आणि पंगत उरकून साडेदहा-अकराला नांदी व्हायची, त्यामुळे हे पद खऱ्या पहाटेच्या जवळपास पोचायचं. आता दहानंतर कर्णा बंद ठेवायचा नियम, म्हणून उषःकाल रात्री नऊलाच उरकावा लागतो. तेव्हा डोळ्यांत झोप असलेली रुक्मिणी आपोआप मिळायची, आता ती अभिनयाने आणावी लागते.

दमट हवेची आणखी एक गंमत. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओलावली की सैल पडते, स्वर उतरतो. मग पद सुरू होण्याआधी, क्वचित मधेच, तबलजी हातोडी काढतो. वीस-तीस सेकंद ठकठक. कृष्ण ऑर्गनकडे बघत उभा. हा सगळा वेळ रुक्मिणीच्या पदरात पडतो. रागातला प्रवेश असेल तर ती उठून पाठ फिरवू शकते, बांगड्या मागे सारू शकते, दासी गेली त्या दाराकडे बघू शकते. तिने हे केलं, तर ठकठक कुणाला ऐकूही येत नाही. तिनेही तबलजीकडे बघितलं, तर सगळा मांडव तबलजीकडे बघतो.

हालचालीचा नियम विचाराल तर एवढाच: शब्दांवर हला, स्वरांवर थांबा. तान चालू असताना लोकांचं लक्ष गायकाच्या गळ्याकडे असतं. त्या वेळी वेणीतलं फूल जरी ठीक केलं तरी नजर चोरल्यासारखं होतं, आणि कृष्ण नंतर विंगेत चार शब्द ऐकवतो, ते बरोबरच असतं. तान संपून शब्द आले, की ते कुणाला म्हटले जातायत हे बघायला नजर आपणहून रुक्मिणीकडे वळते. तेव्हा ती जागी हवी. मान डोलावणं, मांडीवर बोटांनी ताल धरणं, समेवर ‘वा’ म्हणणं, हे तिने कधीच करायचं नाही. ती नवऱ्यावर रुसली आहे, बैठकीला आलेली नाही. गळ्याशी लावलेला माइक असेल तर बांगड्या आणि उसासेही कर्ण्यातून येतात, म्हणून पदभर तिचा आवाज खाली ठेवायला सांगावं. पण तो वर कधी करायचा याची खूण ठरवून, म्हणजे उदाहरणार्थ तिने मंचकावरचा हात उचलला की. नाहीतर तिच्या वाक्याचे पहिले तीन शब्द जातात.

हे बिघडतं कुठे, तर तालमीत. गद्य तालमीत पद आलं की दिग्दर्शक ‘इथे पद, पुढे चला’ म्हणतो. पदांची तालीम वेगळी, पेटीवर, आणि तिथे रुक्मिणीला कुणी बोलावत नाही. म्हणजे आठ मिनिटं समोर बसून ऐकायचा प्रसंग तिच्यावर पहिल्यांदा येतो तो प्रयोगाच्याच रात्री. निदान चार-पाच तालमी पदासकट व्हायला हव्यात. आधी कृष्णाने पद गद्यासारखं तिला बोलून दाखवावं, मग नुसत्या पेटीवर, मग तबल्यासकट. तिला गायचं नसलं तरी पद अक्षरन् अक्षर पाठ हवं.

सिंधुदुर्गातल्या दशावतारात हा प्रश्नच येत नाही. तिथे लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी सुचतो, आणि स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणारा नट, समोरच्याचं नीट ऐकत नसेल तर त्याला उत्तरच देता येणार नाही. संगीत नाटकात पुढचं वाक्य छापलेलं असतं, त्यामुळे न ऐकताही निभावतं. राज्य संगीत नाट्यस्पर्धेत गायनाचं बक्षीस वेगळं, अभिनयाचं वेगळं. ऐकण्याचं नाही, आणि रुक्मिणीचा निम्मा अभिनय तोच आहे.

पुढच्या वेळी बसाल तेव्हा मंचक ज्या बाजूला असेल तिच्या समोरच्या बाजूला बसा, म्हणजे तिचा चेहरा पाऊण दिसेल. आणि पद संपल्यावरचं तिचं पहिलं वाक्य ऐका. टाळ्या पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली तर प्रवेश थंड पडतो, टाळ्यांच्या भरात बोललं तर वाक्य वाया जातं. टाळ्या निम्म्यावर आल्या की बोलायचं. तेही गायकाने सोडलेल्या षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, जरा खाली, बोलण्याच्या आवाजात. वरच्या पट्टीत सुरुवात केली, तर गाण्यानंतर ते वाक्य किंचाळल्यासारखं लागतं.