चालत जाता येईल अशी बैठक

आमच्या गिरगावातल्या चाळीत गणपतीच्या आधीच्या रविवारी दोन गोष्टी माळ्यावरून खाली येत असत: मखराची लाकडी चौकट आणि तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत अंथरायच्या सतरंज्या. विसर्जन झाले की मखर पुन्हा माळ्यावर जाई. सतरंज्या मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत खालीच राहत, कारण कोजागिरी, दिवाळी पाडवा, रामनवमी किंवा कुणाच्या तरी गुरूची पुण्यतिथी अशा एखाद्या निमित्ताने त्या खोलीत दर महिन्या-दीड महिन्याने गाणे होत असे. माझे वडील मंडळाचे चिटणीस होते. वर्गणीचे हिशेब त्यांनी चोख ठेवले, परंतु त्यांचा खरा जीव तंबोऱ्यांत होता.

बैठक रात्री नऊला असली तर ते सात वाजताच तंबोऱ्यांच्या गवसण्या काढून बसत. तारा सुरात लावून झाल्यावर ते तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवत. धागा केसभर पुढे गेला तर आवाज बोथट होई, केसभर मागे राहिला तर नुसता पत्रा वाजे, आणि या दोहोंच्या मधली ती एकच जागा सापडली की तंबोरा अचानक बोलू लागे. जवारी लागली, एवढेच ते म्हणत आणि मला कान जवळ आणायला सांगत. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. पंचमाच्या तारेतून गंधार ऐकू येतो की नाही, असे ते विचारत. तो खरे तर खर्जाच्या तारेतून येतो, हे मला पुढे स्वतः गाणे शिकू लागल्यावर कळले. पण त्या वयात मी दोन्हीकडे मान डोलावत असे. भाद्रपदाच्या ओल्या हवेने तबला सारखा उतरत असे, म्हणून कोपऱ्यात साठ वॅटचा एक पिवळा दिवा मुद्दाम लावलेला असे आणि तबलजी गाणे सुरू होईपर्यंत दाया, म्हणजे उजव्या हाताचा तबला, त्या दिव्याच्या उबेत ठेवत.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, गिरगावच्या सांस्कृतिक जीवनाविषयी बोलताना आपण बहुधा मोठ्या गोष्टी सांगतो. त्या सांगायलाच हव्यात. खाडिलकर रस्त्यावरच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि तो आजही छोट्या मूर्तीनिशी, पालखीनिशी साधेपणाने साजरा होतो. १९०१ साली लोकमान्य टिळक त्या उत्सवाला येऊन गेले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली ऑपेरा हाउसजवळ संगीताची शाळा काढली आणि लहानगे कुमार गंधर्व तिथेच शिकून मोठे झाले. केरीच्या गायिका केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर गोव्यातून मुंबईला आल्या आणि त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांची तालीम घेतली. १९३५ साली मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला, आणि डॉ. अ. ना. भालेराव यांनी ज्या नाट्यचळवळीसाठी स्वतःला झोकून दिले होते, तिचे हक्काचे नाट्यगृह १९६४ साली केळेवाडीत उभे राहिले. ते पाहायला भालेराव हयात नव्हते. नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे.

परंतु माझ्या लेखी या यादीपेक्षा महत्त्वाचे आहे ते या ठिकाणांमधले अंतर. यांतले जवळपास प्रत्येक ठिकाण आमच्या चाळीपासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या आत आहे. माझी आजी कधीही गाणे शिकली नाही, तिकीट काढून गाणे ऐकायला जाणे तिला उधळपट्टी वाटे, तरीही रात्री जेवणे आटोपल्यावर भांडी पालथी घालून ती पदर सावरत खाली येई आणि दाराशी भिंतीला टेकून बसे. गणेशोत्सवात तर रस्त्यातच मांडव पडत, आणि एका गल्लीतली मैफल संपली की लोक दुसऱ्या गल्लीतल्या मैफलीला जाऊन बसत. अशा ऐकण्यातूनच आजीला राग ओळखू येत नसले तरी गवई आज लागला की नाही लागला हे बिनचूक कळत असे. हा कान कोणत्याही वर्गात तयार होत नाही. गाणे घराच्या इतके जवळ असावे लागते की जायचे की नाही याचा विचारच करावा लागू नये, तेव्हा तो तयार होतो.

ही जवळीक का कमी झाली, याचे उत्तर लोक सहसा एका वाक्यात देतात की मराठी माणूस गिरगावातून डोंबिवली-बोरिवलीला गेला. ते खरेच आहे. आमच्याच मजल्यावरची नऊ बिऱ्हाडे होती, त्यांतली सहा गेली, माझा भाऊही गेला. तरीही आणखी एक कारण आहे, ज्याचा उल्लेख फारसा होत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी झाली. वर्षातले काही ठरावीक दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते, एवढीच मोकळीक. हा नियम योग्यच आहे आणि आजारी माणसांच्या, परीक्षेला बसलेल्या मुलांच्या शेजारी राहिलेल्या कोणालाही तो योग्य वाटेल. मात्र त्याचा रागसंगीतावर झालेला परिणाम आपण नीट समजून घेतला नाही. मांडवातले कार्यक्रम संध्याकाळी साडेसहा-सातला सुरू होऊन पावणेदहाला आवरते घ्यावे लागू लागले. मग संध्याकाळचे राग तेवढे उरले: यमन, पूरिया, मारवा, फार तर केदार. बागेश्री घाईघाईने. मालकंस आणि दरबारी, ज्यांचे खरे घरच मध्यरात्रीचे, ते आमच्या गल्ल्यांतून जवळजवळ हद्दपार झाले. मैफल संपवणारी भैरवी आता दहाला पाच मिनिटे कमी असताना, मांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या हवालदाराकडे पाहत म्हटली जाते. ज्या पिढीने रात्रभराच्या बैठकीनंतर दूधवाल्याच्या सायकलची घंटा ऐकत भैरवी ऐकली आहे, तिलाच हा फरक कळू शकेल.

मात्र तोच नियम नीट वाचला की त्यातली एक वाट दिसते. बंदी आहे ती उघड्यावरच्या ध्वनिवर्धकाला. बंदिस्त सभागृहातल्या, आतल्या माणसांपुरत्या आवाजाला नाही. आणि ज्या खोलीत ध्वनिवर्धकच नाही, तिथे तर प्रश्नच उरत नाही. आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत सत्तर माणसे मांडीला मांडी लावून बसतात आणि शेवटच्या ओळीतल्या माणसालाही गवयाचा श्वास ऐकू येतो. वडील गेल्यानंतर काही वर्षे ती खोली नुसती सायकली आणि सलाइनच्या स्टँडपासून मखरापर्यंत वाटेल ते ठेवण्याची जागा झाली होती. चाळीतल्या आम्ही चौघींनी ती साफ केली, सतरंज्यांना ऊन दाखवले, आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री साडेनऊची बैठक पुन्हा सुरू केली.

बैठकीची रीत आम्ही विचारपूर्वक ठरवली आहे. आधी अर्धा तास एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी गाते, मग मुख्य कलावंत. मोठ्या महोत्सवांत तयार झालेल्या नावांनाच जागा मिळते आणि ते स्वाभाविक आहे. पण जो अजून तयार व्हायचा आहे, त्याने चुकायचे कुठे? वर्गात गुरूसमोर चुकणे वेगळे, आणि सत्तर अनोळखी माणसांसमोर तान अर्ध्यात सुटली तरी स्वतःला सावरून समेवर येणे वेगळे. मागच्या मार्गशीर्षात एक मुलगी भूप गात होती. तिसऱ्या आवर्तनाला ती बिचकली, सम हुकली, आणि पहिल्या ओळीत बसलेल्या आमच्या चाळीतल्या सगळ्यात वयस्कर आजोबांनी डोळे मिटलेलेच ठेवून मांडीवर हलकेच ठेका धरला. पुढच्या आवर्तनाला ती त्या हाताकडे पाहत बरोबर समेवर आली. त्यावर जी दाद गेली ती मोठ्या रंगमंदिरात मिळाली नसती, कारण तिथल्या अंधारात गाणाऱ्याला ऐकणाऱ्याचा हात दिसत नाही.

बिदागीसाठी आम्ही तिकीट लावत नाही. दाराशी पितळी ताट असते, ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे टाकावे. कमी पडले तर मंडळ भर घालते, आणि कलावंताला कबूल केलेली रक्कम त्याच रात्री पाकिटात दिली जाते. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते. घरगुती बैठक म्हणजे फुकट गाणे, असा समज रूढ झाला तर अशा बैठकी कलावंतांच्याच जिवावर उठतील. मध्यंतरात मसाला दूध किंवा चहा असतो. बाहेरगावी गेलेली मंडळीही आता येऊ लागली आहेत. २०२५च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रोचे गिरगाव स्थानक सुरू झाल्यापासून पश्चिम उपनगरांतल्या काही जणांचे येणे सोपे झाले आहे. परतीच्या गाडीसाठी मात्र त्यांना मध्येच उठावे लागते, आणि दरबारीच्या आलापीत कोणी चपला शोधू लागले की माझ्या पोटात तुटते.

आता ही खोलीच राहील की नाही, असा प्रश्न उभा आहे. चाळ जुनी आहे, जिने टेकू देऊन उभे आहेत, आणि पुनर्विकास व्हायलाच हवा, याविषयी माझे दुमत नाही. सार्वजनिक संडासाच्या रांगेत जन्म काढलेल्या बायकांनी नव्या घराची वाट पाहू नये, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? परंतु गेल्या महिन्यात सभासदांना दाखवलेल्या नकाशात वाहनतळाचे चार मजले होते, व्यायामशाळा होती, प्रवेशद्वाराशी कारंजे होते, आणि तळमजल्यावरच्या खोलीच्या जागी काहीच नव्हते. विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, कार्यक्रमांसाठी गच्ची आहे. गच्चीवर गाणे म्हणजे पुन्हा ध्वनिवर्धक आणि पुन्हा दहाची वेळ. शिवाय पावसाळ्याचे चार महिने गच्चीचा उपयोगच नाही, आणि गणपती तर पावसाळ्यातच येतात.

म्हणून आम्ही चौघींनी पत्र लिहायला घेतले आहे. नुसती सांस्कृतिक सभागृहाची मागणी केली तर चकचकीत फरशीचे, छत खाली आलेले, वातानुकूलन यंत्राच्या घरघरीचे एखादे दालन पदरात पडेल, ज्यात तंबोरा ऐकूच येणार नाही. त्यामुळे काय हवे ते मापाने लिहायचे ठरले. परवा रात्री जेवणानंतर टेप घेऊन खाली गेलो. खोली एकतीस फूट लांब, अठरा फूट रुंद निघाली, आढ्यापर्यंतची उंची तेरा फूट. जमीन शहाबादी, छत सागवानी तुळयांचे, खिडक्या सहा, सगळ्या चौकाकडे उघडणाऱ्या. दार रस्त्याच्या पातळीवर, उंबरा सोडल्यास एकही पायरी नाही. हे शेवटचे वाक्य मी पत्रात दोनदा लिहिले होते. मैत्रिणीने एक खोडायला सांगितले, मी दोन्ही ठेवली आहेत.