पोस्टडॉक शोधताना

पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीची, शोधाशोध सुरू केली तेव्हा सगळ्यात आधी नावाचा गुंता सोडवला. एका पेपरवर माझं माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं, आणि तेच आद्याक्षर, तेच आडनाव असलेल्या तर कितीतरी जणी. गूगल स्कॉलरवर माझ्या कामात भलत्याच कुणाचे पेपर मिसळलेले. ऑर्किड (ORCID) या संशोधकांच्या नोंदणीचा १६ आकडी क्रमांक फुकट मिळतो, आडनाव बदललं तरी तोच राहतो आणि नावाची सगळी रूपं तिथे नोंदवता येतात. संशोधनात उतरणाऱ्या प्रत्येक मुलीने पहिल्या पेपरच्या आधीच तो काढून ठेवावा.

मुख्य पेपर जर्नलच्या रिव्ह्यूत, म्हणजे छापण्याआधीच्या तपासणीत, अडकला होता. गाईडशी बोलून तो बायोआर्काइव्ह (bioRxiv) या संकेतस्थळावर प्रीप्रिंट म्हणून टाकला. जीवशास्त्रासाठी ही सोय २०१३ पासून आहे. पेपर छापून येण्याआधी कुणालाही वाचता येतो आणि त्याला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो. अर्जात दाखवायला हाती काहीतरी आलं.

मग ईमेल. मेरी क्युरी काय किंवा हम्बोल्ट काय, या फेलोशिपना जिथे जायचं तिथल्या प्राध्यापकांची संमती आधी लागते, त्यामुळे अनोळखी माणसाला लिहिण्यावाचून गत्यंतरच नसतं. आपल्याकडे मोठ्या माणसांशी आपणहून बोलायचा संकोच फार. ‘मला संधी द्यावी’ अशी विनवणी करण्याऐवजी मी कामाचंच विचारलं: पाण्याचा ताण पडल्यावर तुमच्या ॲराबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगांत सर्रास वापरतात ते छोटं रोप) लगेच जागं होणारं जनुक माझ्या ज्वारीच्या मुळांत उशिरा जागं होतं, तुम्ही नमुने किती तासांनी घेतले होते? सोबत एक आलेख, प्रीप्रिंटची लिंक. बस्स. ज्यांनी उत्तर दिलं, त्यांनी आधी नमुन्यांच्या वेळा कळवल्या आणि शेवटी विचारलं, परिषदेला येणार आहात का?

तिथे पोस्टरजवळ उभं राहून, पहिल्या दोन मिनिटांत काय सांगायचं याची तयारी मी मैत्रिणींसमोर करून गेले होते. उत्तर देणारे ते प्राध्यापक आले, आलेखापाशी थांबले आणि चर्चा रंगली. आम्ही जनुक उशिरा जागं होण्याच्या कारणांवरच बोलत राहिलो. नोकरीचा विषय त्यांनीच काढला.

पुढे मुलाखत ऑनलाइन झाली. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांशी प्राध्यापकांच्या गैरहजेरीत बोलायला मी वेळ मागून घेतला. पेपरवर नावांचा क्रम कसा ठरतो, सुट्टी मिळते का, आधीचे पोस्टडॉक आता कुठे आहेत, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. ते ऐकूनच मी होकार कळवला.