वहीतले एक वाक्य

त्या सकाळी मी सतरा प्राणी तपासले आणि त्यांतले बहुतेक आज मला आठवतही नाहीत. अकराच्या सुमारास एक आजोबा, त्यांची बारा-तेरा वर्षांची नात आणि ग्रेट डेन या थोराड जातीचा २२ आठवड्यांचा एक नर कुत्रा आत आले. चार दिवसांपासून तो उजव्या पुढच्या पायाने लंगडत होता. उठल्यावर पाय आखडलेला असे, थोडे चालल्यावर मोकळा होई आणि खेळून आला की पुन्हा लंगडे. काट्यावर ४२ किलो भरले. तो आकडा ऐकून काळजीतही आजोबांच्या चेहऱ्यावर समाधान उमटले आणि नातीने पिशवीतून वही काढून तो लिहून घेतला.

लंगडणारे पिल्लू आले की मी आधी त्याला हात लावत नाही, चालवून पाहते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. मालकाने दाखवलेला पाय आणि डोक्याने दाखवलेला पाय पुष्कळदा वेगळे असतात. इथे दोन्ही जुळले. मग चांगल्या पायापासून सुरुवात करून, बोटांपासून वर सरकत, एकेक सांधा दुमडून आणि ताणून पाहिला, आणि लांब हाडांच्या मधल्या भागावर अंगठ्याने दाब दिला. तिथे दुखले असते तर मला हायसे वाटले असते, कारण या वयात होणारा पॅनऑस्टिआयटिस, म्हणजे लांब हाडांचा दाह, त्रासदायक असला तरी आपोआप जातो. तिथे दुखले नाही. खांदा पुढे पूर्ण ताणला तेव्हा मात्र तो कळवळला आणि त्याने माझ्या मनगटाशी तोंड नेले. चावला नाही, एवढा तो सज्जन होता.

गुंगी देऊन दोन्ही खांद्यांचे आणि दोन्ही पुढच्या पायांचे एक्स-रे काढले. दंडाच्या हाडाच्या डोक्याची मागची गोलाई, जी चेंडूसारखी सलग दिसायला हवी, ती उजवीकडे ओल्या मातीवर अंगठा दाबावा तशी खोलगट झाली होती. डावीकडे, जिथे काहीच तक्रार नव्हती तिथेही, त्याच जागी पुसटशी सपाटी होती. मनगटाच्या वर अल्ना हाडात, हाडात रूपांतर न झालेल्या कूर्चेचा मेणबत्तीच्या ज्योतीसारखा आकार राहिला होता. निदान ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्स. वाढत्या सांध्यात कूर्चेचे हाड वेळेवर झाले नाही की कूर्चा जाड होत जाते, तिच्या तळाशी पोषण पोहोचत नाही, तळ मरतो आणि वरचा पापुद्रा सुटून सांध्यात लोंबतो. आनुवंशिकतेचा त्यात वाटा असतो, नरांमध्ये तो अधिक दिसतो. पण फार वेगाने वाढणारे वजन आणि जादा कॅल्शियम ही दोन कारणे अशी आहेत की ज्यांवर माणसाचा ताबा असतो.

म्हणून मी ती वही मागितली. इतक्या नेटकेपणाने ठेवलेली नोंद मला प्रौढ मालकांकडूनही क्वचितच मिळते. दर रविवारचे वजन, शेजारी आलेख, आणि समासात बारीक अक्षरात शेरे. ११ व्या आठवड्यात ‘कॅल्शियमचे औषध सुरू’. १३ व्या आठवड्यात ‘दुपारचे जेवण वाढवले’. १६ व्या आठवड्यात, शेवटच्या लसीच्या दिवशी, २५ किलो. तिथून पुढच्या सहा आठवड्यांत १७ किलोंची भर. आणि या सगळ्याच्या वर, १० व्या आठवड्यासमोर: ‘१२.४ किलो. डॉक्टर म्हणाल्या, छान बाळसे धरले आहे.’

ती डॉक्टर मीच. मी तसे म्हटल्याचे मला आठवत नव्हते, पण म्हटले असणार, कारण लस टोचताना मी असेच काहीतरी बोलते. माझा स्वतःचा केसपेपर काढून पाहिला, तर त्यावर वजन होते, लसीचा तपशील होता, ‘तब्येत उत्तम’ होते आणि शरीरस्थितीच्या गुणांचा, म्हणजे पिल्लू रोड की जड हे चाचपून नऊपैकी द्यायच्या गुणांचा, रकाना रिकामा होता. त्या दिवशी तो खरोखरच योग्य वजनाचा होता की तेव्हाच थोडा जड होता, हे आता कोणीही सांगू शकत नाही. एवढे मात्र स्पष्ट आहे की ज्या घरात माझा शब्द वहीत उतरवला जातो, तिथे त्या वाक्याने पिल्लाच्या ताटाला परवानगी दिली.

माणसाच्या बाळाचे बाळसे आपण कौतुकाने पाहतो आणि तोच डोळा घेऊन पिल्लाकडे वळतो. पण ३ किलोचे मूल ६० किलोचे व्हायला अठरा वर्षे लागतात, म्हणजे वीसपट. जन्मताना जेमतेम सहाशे ग्रॅमचा असलेला ग्रेट डेन दीड वर्षात तितकाच, म्हणजे शंभरपट होतो. या वेगात आणखी भर घालण्याची गरज नसते, त्याला थोडा लगाम लागतो. अंतिम उंची आनुवंशिकतेने ठरलेली असते. माफक आहारावर वाढलेले पिल्लू तिथे जरा उशिरा पोहोचते, एवढाच फरक. लॅब्रॅडॉरच्या २४ जोड्यांवर आयुष्यभर चाललेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे: जोडीतल्या एकाला आठव्या आठवड्यापासून दुसऱ्याच्या पाऊणपट अन्न दिले, आणि त्या गटाचे मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मी कुत्री ज्या वयापर्यंत जगली ते वय, ११.२ ऐवजी १३ वर्षे झाले. ठाऊक सर्वांना आहे. लसीच्या टेबलाशी तो कितीजण सांगतात, हे मी माझ्यापासूनच विचारायला हवे.

कॅल्शियमबद्दल मात्र मला सौम्य बोलता येत नाही. सुमारे सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्यांना नको असलेले कॅल्शियम नाकारता येत नाही. जितके पोटात जाईल त्याचा मोठा हिस्सा रक्तात उतरतो आणि कूर्चेचे हाड होण्याची लय बिघडते. हे ज्या प्रयोगांतून कळले तेही ग्रेट डेन पिल्लांवरच झाले होते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनवलेल्या खाद्यात ते आधीच मोजून घातलेले असते, आणि तरीही ‘हाडे मजबूत होतात’ म्हणून वरून बाटली दिली जाते. ही बाटली आजोबांना पिल्लू विकणाऱ्याने सुचवली होती. मला त्या विक्रेत्याला दोष देऊन मोकळे होता आले असते. पण तीच बाटली सवयीने लिहून देणारे माझ्याच पेशातले लोक मला माहीत आहेत, आणि विचारले तर ‘मालकाला काहीतरी दिल्यासारखे वाटते’ हे उत्तर मिळते. आजोबांनी प्रथिने कमी करू का, असे विचारले. नको, मी म्हणाले, हाडांच्या या आजारांत प्रथिनांवर येणारा आळ निराधार आहे.

मग मी नातीला तिचा हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितले आणि दुसऱ्या हाताची बोटे त्यावरून फिरवायला लावली: बरगड्या अशा लागल्या पाहिजेत. मूठ आवळल्यावर वर येणाऱ्या हाडांसारख्या लागल्या तर पिल्लू रोड, उताण्या तळव्याच्या गादीसारखे लागले तर जड. तिने गुंगीत पडलेल्या त्या थोराड पोराच्या कुशीवर हात ठेवला, बराच वेळ चाचपले आणि म्हणाली, “तळवा.” माझ्या मते नऊपैकी सात गुण होते, ज्यात चार किंवा पाच हवे असतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले पिल्लांच्या वाढीचे चांगले तक्ते प्रौढपणी ४० किलोपर्यंत भरणाऱ्या कुत्र्यांसाठीच आहेत. एवढ्या मोठ्या जातींत हाताशिवाय दुसरे भरवशाचे साधन माझ्याकडे नाही.

उजव्या खांद्यातला पापुद्रा शल्यतज्ज्ञांनी दुर्बिणीतून काढला. बाटली त्याच दिवशी बंद झाली, खाद्य मापाच्या भांड्याऐवजी वजनकाट्यावर मोजले जाऊ लागले, कारण भांडे भरणारा हात प्रेमळ असला की प्रत्येक वेळी थोडे जास्तच भरते. उपाशी ठेवले नाही. एकपंचमांश कमी केले आणि वजनाला उंचीची वाट पाहायला लावली. आता तो आठ महिन्यांचा आहे, ५१ किलो, पाच गुण, उजव्या पायाने व्यवस्थित धावतो.

आमच्याकडे लसींचे वेळापत्रक १६ व्या आठवड्याला संपते आणि पुढची तारीख वर्षानंतरची असते. हाडे अजून वेगाने वाढत असतात त्या महिन्यांत पिल्लू आमच्या काट्यावर चढतच नाही, आणि ही व्यवस्था आम्हीच आखलेली आहे. त्या दिवसापासून मी मोठ्या जातींच्या पिल्लांना एक वर्षापर्यंत दर महिन्याला फक्त वजन आणि बरगड्या पाहायला बोलावते. निम्मे येत नाहीत; सुई टोचायची नसेल तर यायचे कशाला, असे एकाने सरळ विचारले.

डाव्या खांद्याची सपाटी मागच्या एक्स-रेत भरून येत असल्यासारखी वाटली. वजन आटोक्यात आल्यामुळे, की ती तशीही भरलीच असती, हे मला सांगता येणार नाही. पुढचा एक्स-रे सहा आठवड्यांनी आहे, आणि नातीने ती तारीख वहीत माझ्या त्या वाक्याच्याच पानावर, खाली, लिहून घेतली आहे.