झडप फुग्याने, पण भिस्त डक्टसवर

क्रिटिकल पल्मोनरी स्टेनोसिस असलेलं बाळ जन्मल्यावर पहिले काही तास बरेचदा छान दिसतं. फुप्फुसाच्या रोहिणीच्या झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, मधे टाचणीच्या टोकाएवढं भोक. तरी बाळ तगतं ते डक्टसमुळे. महारोहिणी आणि फुप्फुस-रोहिणी यांना जोडणारी ही गर्भातली नळी अजून उघडी असते. ती आकसू लागली की बाळ निळं पडतं आणि हाताशी वेळ उरत नाही.

म्हणून घरी सोडण्याआधी, 24 तास झाल्यावर, उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावायलाच हवा. दोन्हीकडे 95 टक्के किंवा जास्त हवं आणि दोन्हींत 3 पेक्षा जास्त फरक नको. 90 च्या खाली आकडा आला तर पुन्हा पुन्हा मोजत बसू नये, बाळाचा लगेच इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा. काही मिनिटांचं हे काम राहून जातं आणि बाळ घरून निळं होऊन परत येतं, याचं फार वाईट वाटतं.

निदानाचा नुसता संशय आला तरी डक्टस उघडा ठेवणारं औषध, प्रोस्टाग्लँडिन ई-1, शिरेतून सुरू करावं. साधारण 0.05 मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. डक्टस फारच आकसला असेल तर 0.1, नीट उघडल्यावर 0.01 वरही भागतं. 500 मायक्रोग्रॅम 50 मिलीत मिसळले की मिलीला 10 होतात, म्हणजे 3 किलोच्या बाळाला 0.05 च्या हिशेबाने तासाला 0.9 मिली. हे औषध रक्तातून झटपट नाहीसं होतं. अँब्युलन्समध्ये लाइन निघाली किंवा पंपाची बॅटरी गेली तर डक्टस पुन्हा मिटू लागतो, तेव्हा दुसरी लाइन आधीच घालून ठेवावी. या औषधाने श्वास थांबू शकतो. हाताने श्वास देणारी अँब्यू बॅग आणि श्वासनलिकेत ट्यूब टाकता येणारा माणूस सोबत असल्याशिवाय बाळ हलवू नये.

फुग्याने ही झडप उघडण्याची आजची पद्धत 1982 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या जीन कॅन यांनी मांडली, तीही मोठ्या मुलावर. नवजात बाळात खरी कसोटी झडपेतून फुग्याची वाट काढणाऱ्या वायरची असते. जांघेतल्या शिरेत 4 किंवा 5 फ्रेंच मापाची शीथ (उपकरणं आत नेण्याची छोटी नळी), रक्त गोठू नये म्हणून हेपरिन, मग हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याचा दाब. तो बहुधा अंगाच्या रक्तदाबाहून जास्त असतो. बाजूच्या व्ह्यूमध्ये अँजिओ (डाय सोडून एक्स-रे चित्रण) घेऊन पाकळ्यांच्या मुळाशी झडपेचं कडं मोजायचं. फुगा त्याच्या 1.2 ते 1.25 पट घ्यावा. कडं 7 मिलिमीटर असेल तर 8 किंवा फार तर 9. (महारोहिणीच्या झडपेला हा हिशेब चालत नाही. तिथे फुगा कड्यापेक्षा मोठा घेतला तर गळती ओढवून घेतली असं समजा.)

उजव्या कोरोनरीसाठीचा वाकड्या टोकाचा कॅथेटर (बारीक नळी) झडपेखाली आणून 0.014 इंची मऊ टोकाची वायर भोकातून सरकवायची, आणि शक्य तर डक्टसमधून खालच्या महारोहिणीत नेऊन ठेवायची. तिथे ती भक्कम बसते आणि फुगा घसरत नाही. वायर जात नाही म्हणून कॅथेटर रेटला तर झडपेखालची पातळ भिंत फुटते आणि हृदयाच्या आवरणात रक्त साचतं. ते काढायची सुई टेबलावर आणि रक्ताची पिशवी खोलीत हवीच.

भोक अगदी बारीक असेल तर आधी 3 मिलिमीटरचा कोरोनरी बलून (छोटा फुगा), मग मोठा. पातळ केलेलं डाय भरताना फुग्यातली हवा पूर्ण काढावी. फुगा फुटला आणि हवा सुटली तर या बाळांत ती वरच्या कप्प्यांमधल्या भोकातून थेट मेंदूकडे जाऊ शकते. पडद्यावर फुग्याला मधोमध कंबर दिसते. दाब वाढवला की ती एकदम नाहीशी होते, त्याच क्षणी फुगा रिकामा करायला घ्यावा. तेवढ्या काही सेकंदांत रक्तदाब आणि ठोके दोन्ही पडतात.

झडप उघडली तरी सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) लगेच चढत नाही, आणि घाई इथेच नडते. उजवा कप्पा जाड आणि ताठ असतो, त्यामुळे निळं रक्त अजून डावीकडे वळतच राहतं. 75 ते 85 वर काही दिवस काढायची तयारी ठेवून प्रोस्टाग्लँडिन हळूहळू उतरवावं. ते बंद केल्यावर बाळ टिकत नसेल तर डक्टस उघडा ठेवणारा जाळीचा स्टेंट किंवा फुप्फुसाकडे रक्त नेणारी शस्त्रक्रियेने बसवलेली नळी, म्हणजे शंट. झडपेखालचा स्नायू आवळला जाऊन रक्तदाब पडला, तर ॲड्रिनलिनने तो आणखी आवळतो; अशा वेळी सलाइन आणि बीटा ब्लॉकर कामी येतात. शीथ घातलेला पाय सुजला किंवा गार पडला तर त्याच रात्री डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करावा.

नूनन सिंड्रोम या जनुकीय आजारातल्या जाड, बेढब झडपा फुग्याला फारशा दाद देत नाहीत. अशा बाळाच्या आईवडिलांना शस्त्रक्रियेची शक्यता आधीच सांगावी. बाकीच्यांत झडप पुन्हा अरुंद होत नाही ना, हे पहिल्या वर्षभरात इकोने वरचेवर बघावं. थोडी गळती बहुतेकांत राहते आणि वर्षानुवर्षं त्रास देत नाही, पण उजवा कप्पा फुगत चाललाय का हे पाहण्यासाठी मोठेपणीही तपासणी चालू ठेवावी लागते.